मानाचं बटण

माझं आणि शालनचं लग्न ठरलं.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. शालन कोण, हेही तुम्हाला ठाऊक नाही. जत्रेचा दिवस अजून उजाडायचा आहे, आणि मोशीत कुणालाही विचारा, हे लग्न व्हायचं नाही असंच तो सांगेल.

शालन माझ्या मामांची मुलगी. मामाच्या मुलीशी लग्न करायला आमच्याकडं विशेष कर्तबगारी लागत नाही, नुसतं वयात यावं लागतं. ते मी आलो होतो. पण माझे वडील सोपानराव, म्हणजे आमचे आबा, वरच्या आळीचे मानकरी, आणि मामा हिंदुराव खालच्या आळीचे. जत्रेत पालखीला पहिला खांदा कुणाचा, यावरून दोघांचं बिनसलेलं. गेल्या दोन जत्रांना पालखी देवळाबाहेर निघालीच नाही. देवाची काही तक्रार नव्हती. मामांची होती.

"यंदा दाजींच्या बरोबरीचा मान मिळाला, तर जत्रंतच सुपारी फोडू," मामा माझ्या आईला, म्हणजे स्वतःच्या बहिणीला म्हणाले. "तसूभर कमी पडला, तर पोरगी तळेगावात दिली म्हणून समज."

तळेगावचं स्थळ तयारच होतं. त्याला मिशा होत्या.

पंच मारुतरावांनी तोड काढली. "पालखी ऱ्हाऊ द्या. यंदा असं कायतरी आणा, ज्याचा मान कुणाच्याच बापजाद्यानं घेतल्याला न्हाई."

म्हणून इम्तियाजची आगगाडी आणायचं ठरलं.

इम्तियाज माझा दोस्त. पिंपरीला हमरस्त्यावर त्याचं ट्रकदुरुस्तीचं गॅरेज. लष्करी छावणीच्या लिलावात त्यानं पान्यांची म्हणून एक बंद पेटी घेतली होती. उघडली, तर आत विलायती खेळण्यातली आगगाडी: इंजिन, डबे आणि रूळ. बरेच दिवस तो त्या पेटीशी बोलत नव्हता. मग एकदा त्यानं इंजिनाला ट्रकची बॅटरी जोडून पाहिली आणि दोघांची दिलजमाई झाली.

या गाडीवर कुणाचाच हक्क नव्हता. हे सकाळी. दुपारपर्यंत दोन्ही आळ्यांचा पिढीजात हक्क निघाला. आबांच्या आजोबांनी म्हणे खडकीला पहिली आगगाडी डोळ्यांनी पाहिली होती. मामांच्या आजोबांना त्याच गाडीनं जवळजवळ चिरडलं होतं.

"आता तुमीच सांगा," मामा पंचांना म्हणाले, "जवळचा संबंध कुणाचा?"

शेवटी मारुतरावांनी निवाडा दिला. दोन्ही आळ्यांना एकेक स्टेशन, दोन्ही मानकऱ्यांना एकेक बटण, आणि नारळ फुटला की दोघांनी एकदम बटण दाबायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. डोलली नाही ती एकट्या इम्तियाजची.

गॅरेजात जुन्या दरवाज्यांच्या फळ्या जोडून त्यानं रूळ मांडले होते. बाहेर मोठं वाटोळं, आत छोटं, आणि एकातून दुसऱ्यात जायला सांध्यांची, म्हणजे वाट बदलणाऱ्या फिरत्या रुळांची, जोडी. ते दोन सांधे एकाच बटणावर बरोबर फिरायचे. एक फिरला आणि दुसरा राहिला, की गाडी आडवी. फळ्यांखाली तारांचं असं जंजाळ होतं की सुगरण पक्ष्यानं शिकवणी लावावी. कुठली तार कुठली ते कळावं म्हणून वरच्या आळीच्या तारांना लाल चिंधी, खालच्या आळीच्या तारांना हिरवी.

"इथं बघ, राव," इम्तियाज म्हणाला. "हा शेवटचा सांधा. इथं रूळ फुटतो. डावीकडं तुझ्या आबांचं स्टेशन, उजवीकडं मामांचं. सांध्याच्या दोन्ही अंगांना तारेची दोन वेटोळी, मधे हा लोखंडी खिळा. आबांचं बटण दाबलं की डावं वेटोळं खिळा ओढतं, सांधा डावीकडं. मामांचं दाबलं की उजवीकडं. टिचकी मारल्यागत दाबायचं आणि सोडायचं. धरून ठेवलं तर वेटोळं जळतं."

"आणि दोन्ही बटणं एकदम दाबली तर?"

"अशी कोण दाबंल?"

"मानकरी."

त्यानं खिळा बोटानं डावीकडं सारला, मग उजवीकडं. "ज्योतीराम, बिजलीला मान कळत नाही. तिला एकतर हा, नाहीतर तो. गाडी चालली की कुणातरी एकाच्याच दारात जाणार."

"म्हणजे माझं लग्न गेलं."

"गेलं."

"मग न चालणारी गाडी कर."

इम्तियाजला हे झोंबलं. "माझ्या गॅरेजात गाड्या बिघडून येतात. बिघडून जात नाहीत."

"अरे, तळेगावच्याला मिशा आहेत!"

त्यानं माझ्या ओठांवर नजर टाकली आणि त्याला दया आली. त्यानं दोन्ही वेटोळी मोडली आणि पुन्हा गुंडाळली, अगदी सारखी, एक फेरा इकडं नाही की तिकडं नाही. आता दोघांनी एकदम दाबलं की दोन्हीकडून सारखीच ओढ, सांधा मधोमध अडकणार, आणि इंजिन रुळावरून घसरून पडणार. दोघांचीही फजिती तंतोतंत सारखी. याला बरोबरीचा मान म्हणायला कायद्यानं हरकत नव्हती.

जत्रेच्या दिवशी देवळासमोर फळ्या मांडल्या. आबा डाव्या हाताला, मामा उजव्या हाताला, दोघेही नव्या पटक्यात. आयाबायांनी बटणांना इतकं हळदकुंकू वाहिलं की बटणं दिसेनात. मारुतरावांनी ती उपरण्यानं पुसून उघडी केली. इम्तियाजनं बॅटरी जोडली. गाडी मोठ्या वाटोळ्यात फिरू लागली, सांध्यांच्या जोडीवरून लचकत आतल्या वाटोळ्यात उतरली, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांनी हात जोडले.

नारळ फुटला. दोघांनी बटणं दाबली.

टिचकीबिचकी काही नाही. दोघांनी अख्खा तळवा टेकला आणि त्यावर देहाचा भार टाकला. आता आधी हात कोण काढतो, हा नवा मान निघाला होता. तोंडं मात्र दोघांचीही हसरी.

सांधा गुणगुणला. थरथरला. आणि मधोमध थांबायचं सोडून खट्कन डावीकडं बसला. आबांनी पापणी लवावी एवढं आधी दाबलं होतं. वेटोळी सारखी करता येतात; मानकरी सारखे कसे करणार?

इंजिन डौलात डावीकडं वळलं. वरच्या आळीनं पागोटी उडवली. मामांचा चेहरा पडला, तसा मीही मनातल्या मनात तळेगावच्या लग्नाच्या पंगतीत जेवायला बसलो. पण दोघांचेही तळवे अजून बटणांवरच होते. मामांचा रागानं, आबांचा आनंदानं.

तेवढ्यात फळीखालून धूर आला.

आधी तापलं ते आबांचं वेटोळं, म्हणून आधी जळलंही तेच. डावीकडची ओढ संपली. उजवीकडची राहिली. इंजिन सांध्यावरून पुढं गेलेलं, डबे अजून यायचे, आणि सांधा खट्कन उजवीकडं फिरला. जोडणीचा आकडा निसटला. इंजिन एकटंच आबांच्या स्टेशनात जाऊन उभं राहिलं, आणि डबे आलेल्या वेगात घरंगळत मामांच्या स्टेशनात शिरून अलगद थांबले.

वाजंत्री बंद पडली. इम्तियाजनं बॅटरीची तार काढली आणि माझ्या कानात पुटपुटला, "माझ्या हातनं साधं बिघडवणंही नीट होत नाही, राव."

"गाडी आमच्याकडं आली," आबा म्हणाले.

"इंजिन आलं, दाजी," मामा म्हणाले. "मोकळं. मानसं बसत्यात ते डबे आमच्याकडं उतारले."

"डब्यांला काय बैल जुपता का आता?"

"आन् तुमी काय इंजनावर बसून पिठलं खाता?"

मामा वाकले. डबे निरखले. एकेका डब्याला बोट लावून पाहिलं. मग इंजिनाकडं पाहिलं, आणि फळीवरच्या अंतराचा डोळ्यांनी अंदाज घेतला.

"दाजी, कमी म्हणता येत न्हाई बरं का."

"न्हाई येत," आबा बटणावरून हात काढत म्हणाले. त्यांचा तळवा लालबुंद झाला होता. "जास्तीबी म्हणता येत न्हाई."

"तेबी न्हाई."

तेव्हा माझी आई पुढं आली. गोजाबाई तिचं नाव; दोघांनाही ती आयुष्यभर ओळखून होती. "मग सुपारी काडा," ती म्हणाली. "ऊन लागतंय."

सुपारी फुटली. शालन बायकांच्या घोळक्यात उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग धुराकडं पाहिलं, आणि पदर तोंडाला लावला. ती हसत होती की ठसकत होती, ते मला अजून कळलेलं नाही. मी खाली बसलो. इम्तियाज माझ्या शेजारी बसला, आणि कुणीतरी दिलेली रेवडी आम्ही दोघांनी जळक्या तारेच्या वासात खाल्ली. तिच्याइतकं गोड मी नंतर काही खाल्लेलं नाही.

दोन्ही आळ्या एवढ्या खूश झाल्या की दुसऱ्याच दिवशी पंचांनी एकमतानं ठराव केला. तो मीच लिहून दिला:

मेहेरबान रेल्वे खात्यास मौजे मोशी येथील समस्त ग्रामस्थांची सविनय विनंती ऐसी की, आमचे गावी रेल्वे नाही, ती तूर्त नसली तरी चालेल. परंतु पुणे-मुंबई मार्गावर धावणारी कोणतीही एक गाडी जत्रेचे दिवशी आमचे हद्दीत वळवून, तिचे इंजिन वरचे आळीस व डबे खालचे आळीस एकाच क्षणी पोहोचते करण्यात यावेत, आणि उतारूंनी आपण नक्की कोणीकडे आलो याबाबत वाद घालू नये, अशी त्यांस तिकिटावरच समज देण्यात यावी.