विझवणीचं पाणी

धाकट्या बहिणीचं लग्न ठरून मोडलं आणि त्याच माणसाशी पुन्हा ठरलं, त्या वर्षीची गोष्ट. आमची लोहाराची भट्टी. थोरल्या भावाचे डोळे जन्मापासून पिवळे, म्हणून सगळे त्याला हळद्या म्हणत. त्याची मुलगीही फिकट निघाली. जिना चढताना मध्येच बसायची.

फिकट माणसाला आमच्याकडे एकच औषध. लाल लोखंड ज्या टाकीत विझवतो, तिथलं पाणी, रोज पेलाभर. हळद्या लहानपणापासून पीत होता. आता आई पेला घेऊन नातीच्या मागे फिरायची.

"आमच्या रक्तात खोट नाही," ती वहिनीकडे बघून म्हणायची. "बाहेरून आली."

"हो ना. लग्नाआधीच येऊन तुमच्या मुलाचे डोळे मीच पिवळे करून गेले," वहिनी म्हणायची.

एक दिवस पोरगी शाळेत घेरी येऊन पडली. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांचं रक्त तपासलं. निकालाच्या दिवशी आईही आली, वहिनीचं पितळ उघडं पडताना बघायला.

"हा थॅलेसेमिया," बाई म्हणाल्या. "बहुतेकदा आई आणि वडील दोघांकडून दोष आला, तरच एवढा त्रास होतो. तुमच्या घरात जनुकात वेगळाच बदल झालाय. एकाकडून आला तरी पुरतो. सुनेचं रक्त साफ आहे. मुलीला वडिलांकडून आलाय, आणि वडिलांना, आजी, तुमच्याकडून. तुम्हाला सौम्य आहे. पोटात डावीकडे गोळा लागतो ना? ती वाढलेली प्लीहा."

"तो वायू आहे," आई म्हणाली.

"मी जन्मल्यापासून बघतोय, आई. अजून सरला नाही होय?" हळद्या म्हणाला.

मग वहिनीने पाण्याचं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. या आजारात अंगात लोह आधीच जास्त साचतं, म्हणाल्या, आणि वरून तुम्ही तेच पाजता. पोरीचं वेळेत थांबेल. हळद्याच्या हृदयात मात्र पुष्कळ साचलं होतं.

परतताना हळद्या तेवढा शीळ घालत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने सवयीने पेला भरला. पोरीने हात पुढे केला. वहिनी दारात उभी राहून बघत होती. आईने पाणी राखेत ओतलं.

"माझं तोंड काय बघतेस?" ती वहिनीला म्हणाली. "पोरीला दवाखान्यात न्यायचंय ना? मी पण येते. माझंही बघू दे त्या बाईला, काय ते."

हळद्या पुढच्या उन्हाळ्यात दवाखान्यातच वारला. आई त्यानंतर तीन वर्षांनी, थंडीत गेली.