सुनावणीत वेस बोलला

मंजूर झालं. हे आधीच सांगून टाकते, कारण चार वर्षं आमचा जीव टांगणीला लागला होता आणि तुमचा लावायची मला हौस नाही.

माझी लेक लीडिया नऊ वर्षांची आहे, ऑटिस्टिक आहे. बोलते थोडं, पळते फार. माझा नवरा वेस धान्याच्या कोठारावर कामाला आहे, पण त्याच्या नोकरीचा विमा तिच्या उपचारांचे पैसे देत नाही. द्यावेत असा राज्याचा कायदा आहे म्हणे, पण कंपनी कामगारांच्या दवाखान्याचा खर्च स्वतःच्या खिशातून करत असेल तर तो तिला लागू होत नाही. एवढं कळायलाच मला अकरा फोन करावे लागले, आणि शेवटच्या फोनवर मी रडले. मग उरली राज्याची योजना. त्यात घरी मदतनीस मिळते, उपचारही होतात. तिच्या रांगेत आम्ही चार वर्षं होतो.

नंबर लागला तेव्हा मी काय केलं? घर घासूनपुसून लख्ख केलं! पाहणीला योजनेच्या मिसेस ओल्डरमन येणार म्हणून आलुबुखार भरलेले कोलाचे पाव भाजले. लीडियाला निळा झगा घातला. आमच्या या मक्याच्या मुलखात पाहुण्यापुढे रडगाणं गात नाहीत. वादळात छप्पर उडालं तरी बरं चाललंय म्हणायचं.

"स्वतःचे कपडे स्वतः घालते?" बाईंनी विचारलं.

"बहुतेक वेळा," मी म्हटलं.

"रस्त्याचं भान?"

"येतंय हळूहळू," वेस म्हणाला.

लीडियाही त्या दिवशी कधी नव्हे ती शहाण्यासारखी बसून राहिली. तीन आठवड्यांनी पत्र आलं: एवढ्या मदतीची गरज दिसत नाही, अर्ज नामंजूर. बाईंची काही चूक नव्हती. आम्ही सांगितलं तेच त्यांनी लिहिलं होतं.

चर्चच्या तळघरात महिन्यातून एकदा अशा मुलांच्या आम्हा आयांची बैठक असते. तिथे रोंडा येते. तिचा मुलगा सव्वीस वर्षांचा आहे आणि ती असले सगळे अर्ज कोळून प्यायली आहे. तिने पत्र वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"पोरीला नवा झगा घातला होतास ना?"

"निळा."

"आणि खायला?"

"कोलाचे."

"अगं बाई! जत्रेतल्या स्पर्धेत उतरवली होतीस का तिला? पहिल्या नंबरची फीत हवी होती?" सगळ्या जणी हसल्या, मीही हसले. मग ती म्हणाली, "अपील कर. आणि तिचा सगळ्यात वाईट दिवस सांग. चांगल्या दिवसांसाठी मदत कोण देतं?"

"आपल्याच लेकराची चहाडी केल्यासारखं वाटतं गं."

"मलाही वाटायचं. म्हणून माझा अर्ज दोनदा नामंजूर झाला. आता मुकाट्याने वही काढ."

तिच्या वाईट दिवसांनी मी वही भरली. वेसला ते मुळीच पटेना. "परक्या माणसापुढे कसलं रडत बसायचं?" म्हणाला. मी इतकी भडकले, की हातातलं फडकं त्याच्या अंगावर फेकलं. "मग नको बोलूस! नुसता बस माझ्या शेजारी!"

सुनावणी फोनवर होती, सकाळी दहाला. लीडिया शाळेत गेली होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर फोन ठेवून मी वाचत गेले. चावे, फाडलेले कपडे, दुकानात जमिनीवर घातलेला गोंधळ. वाचलं सगळं.

"रात्री लक्ष कोण ठेवतं?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"रात्री झोपते ती," मी म्हटलं.

वेसने घसा खाकरला. "मी ठेवतो. दाराला आडवा झोपतो."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. तीन वर्षं हा बाहेरच्या दारापाशी जमिनीवर झोपत होता, पाठ दुखते म्हणून. मला तेच खरं वाटलं होतं.

"पाठ ठणठणीत आहे माझी," तो फोनकडे बघत म्हणाला. "एकदा ती दार उघडून गेली होती. रुळांवर सापडली. मालगाडीचा भोंगा ऐकू येत होता. माझ्या बायकोला, जनेलला सांगितलं नाही मी. तिला पुन्हा झोप लागली नसती."

मला त्याचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी त्याला कवटाळावंसंही वाटलं. मी टेबलाखाली त्याचा हात घट्ट धरला.

"आणखी काही सांगायचंय?" अधिकाऱ्यांनी हळूच विचारलं.

"नाही," वेस म्हणाला. मग थांबून म्हणाला, "मी फार दमलोय, साहेब."

एकोणीस दिवसांनी पत्र आलं. शाळेनंतर रोज मदतनीस, बोलण्याचे उपचार, आणि दारं उघडली की वाजणारी घंटा. मी पायरीवर बसकण मारली आणि ते तीनदा वाचलं. छातीवरचा धोंडा उतरला. रोंडाला फोन केला तर ती माझ्याहून मोठ्याने रडली.

गुरुवारी माणूस येऊन घंटा बसवून गेला. वेसने दार चार वेळा उघडून पाहिलं. चौथ्यांदा लीडिया कानांवर हात ठेवून त्याच्यावर ओरडली, "बस!" तो हसला. मग त्याने दारापाशी गुंडाळून ठेवलेली गादी काखेत घेतली आणि आमच्या खोलीच्या उंबऱ्यात येऊन पाहुण्यासारखा उभा राहिला.

"कुठे झोपू?"

"तुझ्या जागी, गाढवा," मी म्हटलं, आणि त्याच्या उशीवर ठेवलेला धुतलेल्या कपड्यांचा ढीग उचलला.