दाबून भरलेला कप

सुनेच्या हाताला नावं ठेवायची खोड बोलिव्हियातल्या आमच्या ओरुरो गावात घरोघरी आहे, आणि सातुर्निनाबाई तर त्यात सगळ्यांच्या पुढे. "आमच्या एल्विराच्या हातालाच गुण नाही. पीठ माझं, प्रमाण माझं, अन् पाव बघा, भिंतीत बसवा!" सणाचे पाव भाजताना भट्टीवर चार बायकांत हे दरवर्षी व्हायचं. एल्विरा मान खाली घालून हसल्यासारखं करायची. या वर्षी ते ऐकायला ती नव्हती. हिवाळ्यात न्युमोनियानं गेली बिचारी.

मृतांच्या सणाच्या दुपारी वारलेल्या माणसाचा आत्मा घरी येतो आणि भुकेला येतो. त्याच्यासाठी चेहरा लावलेली पावाची बाहुली घरच्यांनीच करायची असते. एल्विराला निदान आता तरी मऊ पाव मिळावा, एवढीच सातुर्निनाबाईंची इच्छा होती. त्यांची बोटं सुजलेली, म्हणून युलोखियाबाईंच्या भट्टीवर पीठ मोजलं अन् मळलं ते मुलानं, एल्विराच्या नवऱ्यानं, रुफिनोनं. कप त्यांचाच, जुना, पत्र्याचा.

बाहुली करायला त्यांनी गोळा हातात घेतला आणि ओरडल्याच, "अरे, हा तर दगड झालाय! किती कप घातलेस?"

"तू सांगितलेस तेवढेच, आई."

"मग भरलास कसा?"

"एल्विरा भरायची तसा." रुफिनोनं कप पोत्यात खुपसला, ओट्यावर आपटला, अंगठ्यानं पीठ दाबलं आणि वर आणखी घातलं. "ती म्हणायची, नीट भरू दे. कमी पडलं तर आई म्हणतील, माहेरचा चिक्कूपणा इथंही आणला."

सातुर्निनाबाईंनी गोळा खाली ठेवला. त्या खरंच तसं म्हणाल्या होत्या, तिच्या लग्नानंतरच्या पहिल्याच सणाला.

युलोखियाबाईंनी तराजू पुढे ओढला. "आता तू भर. तुझ्या पद्धतीनं."

सातुर्निनाबाईंनी चाळलेलं पीठ चमच्यानं अलगद भरलं, वरून सुरी फिरवली. ते एका पारड्यात, रुफिनोनं भरलेलं दुसऱ्यात. रुफिनोचं पारडं खटकन खाली बसलं!

"बघ बाई, कप एकच," युलोखियाबाई म्हणाल्या. "दाबशील तेवढं पीठ त्यात मावतं. म्हणून मी वजन करा, वजन करा म्हणून ओरडते, तर तुम्ही म्हणता आम्हाला अंदाज आहे! तुझा अंदाज तुझ्या हातात गं. तिला तो कुठून यायचा? एकदा तरी जवळ बसवून दाखवलंस?"

"नाही गं! मी नुसती हसले तिला. सगळ्यांच्या देखत हसले!" आणि त्या रडू लागल्या.

मग पीठ तोलून नवा गोळा मळला. बाहुली मऊ झाली. घट्ट गोळा टाकायचा कसा, म्हणून तोही भाजला.

दुसऱ्या दिवशी एल्विराच्या तसबिरीपुढे रिवाजाप्रमाणे ऊस, कांद्याची फुलं आणि ती मऊ बाहुली मांडली. सातुर्निनाबाईंनी स्वतःसाठी दगडासारखा पाव घेतला.

"आई, तो नको. दात पडतील."

"पडू देत. तिचा पाव मी कधी पुरता खाल्लाच नाही रे." मग तसबिरीकडे वळून म्हणाल्या, "सूनबाई, पोटभर खा. तुझ्या हातात काही कमी नव्हतं."

वाचकहो, घरात नवं कुणी आलं तर त्याच्या हाती नुसता कप देऊन बाजूला होऊ नका. पीठ तोलून द्या, जवळ बसून दाखवा. आणि बिघडलंच, तर हाताला नावं ठेवण्याआधी माप तपासा. सातुर्निनाबाईंना हे कळलं. पण जिला सांगायचं, तिची तोवर तसबीर झाली होती.