पाळण्याआधीची आंघोळ

मेडशीच्या सुप्रियाचं बाळ सातव्या महिन्यातच आलं. वजन दीड किलोही नव्हतं. मनगट बापाच्या करंगळीएवढं! वाशीमच्या दवाखान्यात ते बरेच दिवस काचेच्या पेटीत होतं. मग सुप्रिया त्याला आपल्या उघड्या छातीशी बांधून बसू लागली. हळूहळू ते दूध ओढायला शिकलं, जीव धरू लागलं.

आणि नेमकी तेव्हाच तिच्या सासूला, आवडाबाईला, बारशाची घाई झाली.

आवडाबाई वाईट बाई नव्हती हो. नातवावर जीव टाकायची. पण लोक काय म्हणतील हा धाक तुमच्याआमच्या घरात असतो, तसाच तिच्याही घरात होता. "बिननावाचं लेकरू किती दिवस ठिवाव? सोयरे इचारून राह्यले," ती म्हणायची.

दवाखान्यातल्या राखी सिस्टरनं तिला जवळ बसवून समजावलं. "मावशी, याच्या अंगावर चरबीच नाई. थंडी लागली तं याले रडताही येत नाई, गप पडून राह्यते. तुमाले वाटन, झोपलं. अजून थोडे दिवस राहू द्या. न्यायचंच असन तं आंघोळ घालू नका, मायच्या छातीवरून उतरवू नका."

आवडाबाईनं मान हलवली. पवननं, बाळाच्या बापानं, आईपुढं ब्रसुद्धा काढला नाही. डॉक्टर नको म्हणत असताना सही करून त्यानं बाळ घरी आणलं.

बारशाला अंगण भरलं. गल्लीतली लेकरं न्हाऊ घालणारी कमलीबाई म्हणाली, "पारोसं लेकरू पाळण्यात घालतेत काय कोनी?"

"आई, सिस्टरनं नाई म्हणलं होतं," सुप्रिया म्हणाली.

"पवनले याच बाईनं न्हाऊ घातलं. काय झालं त्याले? बैलावानी हाये."

झालं. तेल लागलं, पाणी पडलं, नवं झबलं चढलं. 'उत्कर्ष' नाव ठेवून बाळ या मांडीवरून त्या मांडीवर फिरलं. ते रडलं नाही. बाया म्हणाल्या, लई गुणाचं हाये.

सुप्रियाला आधी कळलं. बाळ दूध ओढेना.

"आई, याचे पाय गार लागून राह्यले."

"न्हालं म्हून झोपलं. उठवू नको त्याले."

पंगत उठली तरी बाळ जागं होईना, तेव्हा जीप केली. तेव्हाही बाळ आईच्या छातीशी नव्हतं, नव्या शालीत गुंडाळून आजीच्या मांडीवर होतं. दवाखान्यात पोचेपर्यंत ते गेलं होतं. राखी सिस्टरनं बाळाचे गार पाय शालीत झाकले. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं आवडाबाईला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सांत्वनाला बाया आल्या. कमलीबाईच बोलली, "सुनेचंच अंग कमजोर. पोटात धड वाढवता आलं नाई तिले." सुप्रिया खाली मान घालून ऐकत होती. दुधानं तिचा पदर भिजला होता.

आवडाबाई उठून तिच्यापुढं उभी राहिली.

"तिले काई म्हणू नका. तिनं जगवलं होतं त्याले. मी मारलं. मले सांगतलं होतं, मी आयकलं नाई. मले बारसं पायजे होतं."

"देवाची मर्जी, आवडाबाई."

"देवानं तं ठिवलं होतं, कमले. आपन त्याले गार पाडलं. आता या गल्लीत कमी वजनाचं लेकरू आलं, तं मी त्या दारात बसन. न्हाऊ घालू देणार नाई कोनाले."

सुप्रिया आत गेली आणि दाटून आलेलं दूध वाटीत पिळू लागली. पवन दारात उभा राहून पाहत होता.

मंडळी, अशी लेकरं जगतात. आईच्या अंगाची ऊब, आईचं दूध आणि डॉक्टर सोडत नाहीत तोवर थांबायचा धीर, एवढं मिळालं तर पुष्कळ जगतात. बारसं लांबलं तर लोक चार दिवस बोलतील. बोलू द्या. उत्कर्षला लोकांच्या बोलण्यानं काही झालं नव्हतं. आपल्या माणसांनी लोकांचं ऐकलं, म्हणून तो गेला.