आईचा डाग

कवठे येमाईत कुणाच्या घरी काय चाललंय हे सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त त्याला नाव काय ठेवायचं यावर एकमत व्हायला वेळ लागतो. सुलक्षणाच्या धंद्याबाबत मात्र ते फार लवकर झालं. गावानं त्याला 'डागडुजी' म्हणून टाकलं. "काय वैनी, जोरात का डागडुजी?" असं तिला कुणीही विचारायचं. ज्यांच्या स्वतःच्या चपलेचा अंगठा पावसाळ्यापासून तुटलेला होता, तेसुद्धा.

डागडुजी कसली! एकदा तिच्यासारखं करून दाखवा म्हणावं. भंगारवाल्याकडून जुन्या फोटोंच्या फ्रेमा आणायच्या आणि त्यांची पातळ काच सुपारीएवढी, फार तर बिस्किटाएवढी कापायची. दोन काचांच्या मध्ये कुणाच्या आजीच्या खणाचा तुकडा ठेवायचा, कुणाच्या बापानं जपलेल्या एसटीच्या तिकिटाचा कोपरा ठेवायचा. कडेनं तांब्याची पट्टी चिकटवायची आणि तिच्यावरून तापल्या सोल्डरिंग आयर्ननं कथलाचा डाग फिरवायचा, असा की कुठं फुगवटा नको आणि कुठं खाच नको. वर एक कडी लावली की झालं. मग ते गळ्यात घाला, नाही तर किल्ल्यांना लावा.

आपल्याकडे या जोडकामाला डाग म्हणतात. अंगावरच्या दागिन्यालाही जुनी माणसं डागच म्हणतात, आणि कपड्यावर पडतो तोही डागच. एका शब्दाला तीन धन्यांची चाकरी करायला लावली की कधी तरी घोटाळा व्हायचाच. तो कसा झाला, तेच सांगतोय.

सुलक्षणाचा हात बसला होता रांजणगावच्या एका कंपनीत. तिथं ती लाइनवर बसून सर्किटच्या पट्ट्यांना डाग द्यायची. मग कंपनीनं मशिन आणलं आणि कंत्राटावरच्या पोरींना घरी पाठवलं. बाकीच्या दुसऱ्या कंपनीच्या गेटवर जाऊन उभ्या राहिल्या. हिनं घरच्या कांदे साठवायच्या बराखीत एका कोपऱ्यात टेबल मांडलं. बराखीतच, कारण घरात मांडू द्यायला सासूबाई तयार नव्हत्या.

सासूबाईंचं नाव दगडाबाई, आणि ठेवणाऱ्यानं ते विचार करून ठेवलं असावं. "मेल्या माणसाची चिंधी घरात न्हाई पायजे," हा त्यांचा कायदा. "जीव आडकतो त्यात." पुण्याच्या प्रदर्शनात एका बाईनं या वस्तूंना 'विंटेज' म्हटल्याचं सुलक्षणानं कौतुकानं येऊन सांगितलं, तर दगडाबाई म्हणाल्या, "विंटेज? म्हंजी वीट आल्याल्या जिनसा ना? मंग बरोबर हाय."

आणि नेमकं त्याच दिवसांत कंपनीच्या बसवरचा ड्रायव्हर दत्ता निरोप घेऊन आला. नवी लाइन सुरू होतेय, जुन्या पोरींना पहिला मान आहे, सोमवारी सकाळी तयार राहा, बस दारात थांबवतो. दगडाबाईंना आनंद झाला. सुलक्षणाचा नवरा विक्रम कांद्याच्या गोण्या शिवत होता, तो "बघ तुझं तू" एवढंच म्हणाला. हे वाक्य नवरे दोन्ही बाजूंनी वापरतात.

सुलक्षणाला परत जायचं नव्हतं, अजिबात नव्हतं. लाइनवर तिनं इतक्या पट्ट्या जोडल्या, पण त्या कुठल्या गाडीत गेल्या आणि कुणाच्या घरी गेल्या हे तिला कधी कळलं नाही. इथं तिनं जोडलेली वस्तू हातात घेऊन माणसं तिच्यासमोर डोळे पुसत. ते एकदा बघितल्यावर पुन्हा कुणाला पाठमोरं बसून पट्ट्या जोडाव्याशा वाटतील?

"आत्या," ती सासूला म्हणाली, "रविवारी दौंडच्या लग्नाचं काम द्यायचंय. त्यात माझं काय चुकलं, तर सोमवारी मी सोताहून बसमधी बसते. न्हाई चुकलं, तर पुन्यांदा त्या बशीचं नाव काढायचं न्हाई."

"बोललीस बग," दगडाबाई म्हणाल्या.

दौंडचं काम तिच्या माहेरच्या ओळखीतून, खुटबावहून आलं होतं. दौंडच्या मारुतरावांच्या मुलीचं, तेजश्रीचं लग्न होतं. तेजश्रीची आई दोन वर्षांमागं वारली होती. मारुतरावांनी आईची एक पिवळी सुती साडी धाडली आणि फोनवर आवाज भरून पाठवला: "ताई, पदरात आईचा डाग हाय. त्यो तेवढा जपून काढा आन् पोरीच्या गळ्यात घालता यील आसं कायतरी करा. बाकीच्या कापडाचं तिच्या मावश्यांसाठी करा, तुमच्या मनानं."

सुलक्षणानं साडी उलगडली. पदराच्या टोकाला गाठ होती आणि गाठीत चांदीचं एक जोडवं, वेढ्यातून तुटलेलं. हाच तो आईचा डाग! तिनं ते जपून काढलं, तुटल्या जागी कथील भरलं, घासून चकचकीत केलं आणि दोन काचांच्या मध्ये बसवलं. पदराला मधोमध एक जुनाट जांभळट डाग पडला होता, तेवढा भाग कापून बाजूला टाकला आणि स्वच्छ कापडातून मावश्यांसाठी किल्ल्यांचे लोलक केले.

जेवताना तिनं जोडव्याचं सांगितलं, तर दगडाबाईंचा घास हातातच राहिला. "पायातलं गळ्यात? कोन सांगतं आसं?"

शंका सुलक्षणालाही आली होती. एक फोन करून विचारायचं, एवढंच काम होतं. पण विचारलं तर आपल्याला कळत नाही असं दिसेल, आणि ही पैज तिला जिंकायची होती. तिनं फोन केला नाही.

शनिवारी दुपारी तिनं फोटो पाठवला. लगेच तेजश्रीचा फोन आला.

"ताई, ह्ये काय? जोडवं गळ्यात?"

"तुमच्या आण्णांनीच सांगितलं ना? पदरातला आईचा डाग काढून..."

"आवो ताई, डाग म्हंजी डाग! जांभळाचा!" पोरगी रडायलाच लागली. "त्ये जोडवं आजीचं. सोनाराकडं न्यायचं म्हणून आईनं गाठीत बांधलं आन् ऱ्हाऊनच गेलं. आण्णांना तर म्हाईतबी नसंल गाठीत काय हाय त्ये."

मग रडत रडत तिनं सांगितलं. लहानपणी ती ओढ्याच्या जांभळीखालून घरी यायची आणि बरबटलेलं तोंड थेट आईच्या पदराला पुसायची. एकदा त्या पिवळ्या साडीवर तिच्या इवल्या तोंडाचा ठसा उमटला तो उमटलाच. कितीही धुतलं तरी गेला नाही. लग्नाकार्यात बायका आईला टोचून विचारायच्या, अंगावर एक डाग न्हाई व्हय गं तुझ्या? आई पदर पुढं करून तो ठसा दाखवायची. "ह्यो काय माझा डाग. ह्याला चोरबी न्हेनार न्हाई!" घरात तेव्हापासून त्याचं नावच पडलं, आईचा डाग.

सुलक्षणाला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. आख्ख्या साडीत जपायची ती एकच गोष्ट होती, आणि तिनं नेमकी तीच कापून टाकली होती.

"रडू नगा," ती म्हणाली. "उद्या हळदीच्या आत तुमच्या हातात देते."

कशाच्या जिवावर म्हणाली ते तिचं तिला माहीत. फोन ठेवला आणि ती बराखीतल्या चिंध्यांच्या डब्यावर तुटून पडली. डबा उपडा केला, टेबलाखाली वाकून बघितलं. विक्रमनं हातातलं काम टाकून कचऱ्याचं पोतं अंगणात ओतलं आणि दोघांनी बोटांनी चाळलं. काचेचे कपचे निघाले, कथलाचे मणी निघाले, कांद्याची सालं तर ढीगभर. पिवळं काही निघालं नाही.

दगडाबाई ओट्यावर पाय पसरून गोधडी शिवत होत्या.

"आत्या, बराखीतला कचरा तुमी कुठं टाकला का?"

"म्या? मी त्या बराखीत पाय तरी ठिवती व्हय?"

वाक्य नेहमीच्या ठसक्यात आलं, पण मान वर झाली नाही. दगडाबाई कुणाला झापायच्या तर डोळ्यांत डोळे घालून झापायच्या. सुलक्षणा तिथंच उभी राहिली. तेवढ्यात सासूबाईंनी गोधडी गुडघ्यावरून जरा आत ओढून घेतली आणि त्या ओढण्यात एक पिवळा कोपरा बाहेर आला.

"आत्या..."

"मऊ सूत व्हतं," दगडाबाई गोधडीकडं बघत म्हणाल्या. "टाकवंना. तू टाकलं व्हतंस, म्हणून उचललं."

"मेल्या मान्साची चिंधी?"

सुलक्षणाला टोमणा मारायचा नव्हता, पण शब्द निघून गेले. एरवी अशा बोलण्यावर दगडाबाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं. आता त्यांनी नुसती गोधडी पालथी घातली. मधोमध, जिथं निजल्यावर हात येतो तिथं, काळ्या चौकडीचा एक विटका तुकडा होता. त्याच्यावर टाक्यांवर टाके पडले होते.

"ह्यो माझ्या आयचा. तिच्या लुगड्याचा. जुनी गोधडी फाटली की ह्यो काढायचा आन् नव्या गोधडीत लावायचा. ह्याच्यावर हात ठिवल्याबिगर मला झोप लागत न्हाई." मग त्यांनी विचारलं, "तुला त्यो पिवळा कशाला पायजे पन?"

सुलक्षणानं सगळं सांगितलं. जांभळाचं, पदराचं, चोराचं. आपण फोन न करण्याचंही सांगितलं. विक्रम पोतं हातात धरून ऐकत उभा होता. दगडाबाईंनी पिवळ्या तुकड्यावर बोट फिरवलं. नीट बघितल्यावर ठसा तोंडाचाच दिसत होता, वरचा ओठ आणि खालचा ओठ.

सुलक्षणा कात्री आणायला वळली, तशा त्या ओरडल्या, "कात्री नगं! तुझी कात्री लई आडदांड हाय. मी उसवते."

सुईच्या टोकानं त्यांनी एकेक टाका वर काढला आणि दातानं तोडला. तुकडा मोकळा झाला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. सुलक्षणा बराखीत जाऊन बसली. पहिली काच डाग देतानाच तडकली, कारण घाईत आयर्न एकाच जागी जास्त टेकलं. तिनं आयर्न ठेवलं, हात धुतले, पाणी प्याली आणि दुसरी काच कापली. पुन्हा पट्टी चिकटवली, पुन्हा कथील फिरवलं. या वेळी घाई करायची नाही असं तिनं ठरवलं होतं आणि तिनं ती केली नाही. मान वर केली तर दगडाबाई बराखीच्या दारात पाटावर बसलेल्या, आणि पाट चांगला आतल्या बाजूला होता.

रविवारी सकाळी विक्रमनं मोटारसायकल काढली. दौंडच्या कार्यालयात तेजश्री हळदीला बसायच्या तयारीत होती. सुलक्षणानं आधी मावश्यांचे लोलक दिले, मग काचेतून मोकळं केलेलं जोडवं रुमालात बांधून दिलं. मूठ उघडण्याआधी तिनं सगळं खरं सांगून टाकलं. "माझी चूक झाली. मी विचारलं न्हाई. त्यो टाकून दिला व्हता मी."

मग मूठ उघडली. तेजश्रीनं काच उजेडाकडं धरली. उलटसुलट करून बघितली, आणि सुलक्षणाला तिथून पळून जावंसं वाटलं.

"ह्यो पांढरा दोरा कसला?" शेवटी तिनं विचारलं. ठशावर एक टाका तसाच होता.

"माझ्या सासूचा टाका हाय. ठशातनं आरपार गेला व्हता, उसवला असता तर कापड फाटलं असतं. डाग मी टाकून दिला व्हता, त्यांनी धरून ठिवला."

मारुतराव पलीकडं उभे होते. त्यांनी टॉवेल तोंडाला लावला आणि ते पाहुण्यांकडं निघून गेले. हळद लागली, तेव्हा कुणीतरी लांबची आत्या नाक मुरडून म्हणालीच, "गळ्यात निस्ती काच? डाग कुठाय पोरी?" तेजश्रीनं हळदीच्या बोटांनी ती काच पुढं धरली. "ह्यो काय माझा डाग," ती म्हणाली, आणि हसली. तिच्या मावश्या मात्र हुंदके देऊन रडायला लागल्या.

येताना सुलक्षणाला सोमवारची बस दिसत होती. काम पोचलं होतं, पण शब्द दिला होता तो वेगळा होता. चुकलं तर बसमध्ये बसेन, असं ती म्हणाली होती, आणि चुकलं तर होतंच. नंतर दुरुस्त केलं म्हणून चुकलंच नव्हतं असं म्हणणारी ती नव्हती. सोमवारी ती लवकर उठली, डबा भरला, कंपनीचं जुनं ओळखपत्र गळ्यात घातलं आणि ओट्यावर येऊन उभी राहिली. विक्रम दाराआडून बघत होता.

बस आली. दत्तानं हॉर्न दिला. सुलक्षणा पायरी उतरणार, एवढ्यात पाठीमागून दगडाबाई तिच्याही पुढं गेल्या, थेट बसच्या दाराशी.

"जा रं दत्ता तू. ती येत न्हाई."

"आवो आत्या," सुलक्षणा म्हणाली, "मी बोलले व्हते. चुकलं माझं."

"चुकलं ना? मंग उसवलं, आन् परत केलं. माझ्या धा गोधड्या उसवून झाल्यात, मला कुनी बशीत न्हाई बसवलं." दत्तानं पुन्हा हॉर्न दिला, तशा त्या त्याच्यावरच खेकसल्या, "आरं जा की! तिच्याकडं काम पडलंय!"

बस गेली. दगडाबाईंनी सुनेच्या गळ्यातलं ओळखपत्र काढून स्वतःच्या कमरेला खोचलं आणि कमरेला खोचलेला पदराचा कोपरा सोडला. आत काळ्या चौकडीचा विटका तुकडा होता, रात्रीच कधीतरी उसवून, नीट घडी घातलेला.

"धर," त्या म्हणाल्या. "माझ्या आयचा डाग करून दे."