नापाससाहेबांचा निकाल

गावातल्या अर्ध्या माणसांना त्यांनी एकदा तरी नापास केलं होतं. न्हाव्याला केलं, दाताच्या डॉक्टरला केलं, जिच्या हातचा पाव रोज खायचे त्या बेकरीवालीला केलं आणि पोटच्या पोरालाही केलं, तेसुद्धा दोनदा. ज्याला गाडी चालवायचा परवाना हवा त्याने आधी ह्यांना शेजारी बसवून फेरी मारून आणायची, अशी ती नोकरी. नोकरी केव्हाच संपली, पण नाव मागे राहिलं: नापाससाहेब. आजही ते छत्री घेऊन बाजाराकडे निघाले की समोरून येणारी स्कूटर उगाच शिस्तीत यायची आणि रिक्षावाला रिकाम्या रस्त्यावरही हात काढून वळण दाखवायचा.

बायकोचं नाव लोकांनी पासबाई पाडलं होतं. नापास झालेली पोरंपोरी फाटकाशी तोंड पाडून उभी राहायची, तेव्हा ही आतून पाण्याचा तांब्या आणायची आणि म्हणायची, "पी बाळा. त्यांनी मलासुद्धा अजून पास केलेलं नाही."

घर गावाच्या टोकाला, चढावर. हवा बारा महिने ओली. कपाटातल्या बुटांवर बुरशी धरायची, दारं फुगून चौकटीत रुतायची आणि ऊन डोक्यावर यायच्या आत जे उरकलं तेच त्या दिवसाचं काम. आवारात एक जुनं झाड होतं, त्याच्या खोडाला काथ्याने बांधलेली साहेबांची ऑर्किडं. उजाडलं की ते फवारा घेऊन झाडाशी उभे. मुळाला वारा हवा, पानाला गाळलेलं ऊन हवं, माणसाचा हात हलका हवा, असं पुटपुटत ते एकेका पानाच्या पाठीवरून बोट फिरवायचे, तापातल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावं तसं.

मग चहा, आणि चहाबरोबर मतं. मतांना काही तोटा नव्हता. जगात माणसं दोनच प्रकारची, वळायच्या आधी दिवा दाखवणारी आणि वळून झाल्यावर दाखवणारी. हॉर्न म्हणजे न शिकलेल्या माणसाचा खोकला. व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून, चढावरच्या गाडीचा नुसता आवाज ऐकून ते सांगायचे, "हा बघ, दुसरा गिअर टाकायला हवा होता, तिसऱ्यातच रेटतोय गाढव." आतून पासबाई म्हणायची, "मग जा ना, बाहेर जाऊन करा त्याला नापास. नाहीतर इथे येऊन ही भाजी निवडा."

अशातच एक दिवस त्यांनी गाडी चालवणं सोडलं. "रस्त्याला आपली लायकी राहिली नाही," म्हणाले आणि किल्ली खुंटीला अडकवली. बायको हसली. पण खरं कारण ते नव्हतं. खरं कारण त्यांच्या डाव्या अंगाला होतं. तिकडून जग हळूहळू विझत आलं होतं. समोरचं लख्ख दिसायचं, पेपरातलं बारीक अक्षरही वाचता यायचं. म्हणून कुणाला संशय आला नाही. डोळ्याच्या डॉक्टरने त्यांना सरळ सांगितलं होतं की गेलं ते परत यायचं नाही, उरलंय ते औषधाने राखायचं. घरी येऊन त्यांनी बायकोला एवढंच सांगितलं, "थोडं अंधुक आहे. थेंब घालायचेत."

थेंब चालू झाले, तपासणीच्या फेऱ्या चालू झाल्या. दवाखाना पार दुसऱ्या टोकाला. बस चढाखाली थांबायची आणि रिक्षावाले चढाचं नाव काढलं की मान फिरवायचे. मुलाने दूरच्या शहरातून फोन लावला, "बाबा, बास झालं. घर विकू आणि दोघंही माझ्याकडे या." साहेबांनी फोन बायकोकडे दिला. ती म्हणाली, "मी शिकते गाडी." आणि खरंच शिकली. पांढऱ्या केसांना रुमाल बांधून रोज सकाळी शिकवणीच्या गाडीत बसली, आणि परवानाही मिळवला.

"हल्ली परवाना काय, मागेल त्याला," साहेब म्हणाले. पण त्या दिवशी जेवताना दोनदा भात घेतला.

मुलगा सुट्टी काढून आला तो मनाशी ठरवूनच. व्हरांड्यात बसून म्हणाला, "आई, रागावू नकोस. पण तू बाबांना घेऊन ह्या चढावरून खाली-वर करणार, ह्या विचाराने मला तिथे घास उतरत नाही."

"परवाना आहे ना माझ्याकडे?"

"त्या कागदाचं मला काही वाटत नाही." तो वडिलांकडे वळला. "तुम्ही घ्या तिची परीक्षा. पूर्वी घ्यायचात तशीच, गय न करता. तुम्ही पास म्हणालात तर राहा इथेच, मी पुन्हा घराचं नाव काढणार नाही. नापास म्हणालात तर ह्याच महिन्यात निघायचं. तुमच्या शब्दावर जन्मात कुणी वाद घातला नाही, मीही घालणार नाही."

साहेबांनी झाडाकडे पाहिलं. "ठीक," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून तिच्या डावीकडच्या खुर्चीवर बसले. काचा वर, आत गार हवा. परीक्षेची त्यांची एक रीत होती. ते बोलायचे नाहीत. "चला" आणि "वळा" एवढे दोन शब्द, आणि चूक असह्य झाली तर तिसरा, "उतरा". सल्ला नाही, हुंकार नाही, चेहऱ्यावर रेघ नाही. त्या मुकेपणाला घाबरूनच अर्धी माणसं नापास व्हायची.

"चला," ते म्हणाले.

ती चढ उतरली, घसरू न देता. शाळेपाशी थांबली, पोरं ओलांडू दिली. बाजाराच्या तोंडाशी एक हातगाडी आडवी आली, तर हॉर्न न वाजवता वाट पाहिली. साहेबांचं बोट गुडघ्यावर हळूच ताल धरू लागलं. समोरचं सगळं त्यांना दिसत होतं आणि जे दिसत होतं ते सुरेख होतं. जात्यावर बसलेल्या बाईचा हात जसा न बघता फिरतो, तसं तिच्या हातात ते चाक फिरत होतं. कितीतरी वर्षं आपण हिला नुसतं भाजी निवडताना पाहिलं, असं त्यांना वाटून गेलं. पुलाच्या अलीकडे गाडी एकदम मंदावली. तिने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"वळा," ते म्हणाले.

ती वळली. मग चढ, मग फाटक. तिने इंजिन बंद केलं, हात चाकावरच ठेवले.

"काय निकाल?"

जन्मभर कोरडा ठेवलेला आवाज त्यांना आज कोरडा ठेवता आला नाही. "पास," ते म्हणाले. "उत्तम पास."

ती हसली नाही. काचेतून समोर बघत बसली.

"अहो, पुलाच्या अलीकडे, तुमच्या अंगाला कोण होतं?"

"कोण असणार?"

"सांगा ना. कोण होतं?"

"कुणी नव्हतं."

"एक मुलगी होती सायकलवर," ती म्हणाली. "मी दाबली तिला कडेला. तुमच्या काचेपासून वीतभर होती. चरात पाय टेकला म्हणून वाचली. ओरडत होती, तोंड दिसलं मला तिचं. आरशात बघितलं, सावरली, मूठ उगारली आणि गेली. मी तुमच्याकडे बघितलं, म्हटलं, आता म्हणतील 'उतरा'. तर तुम्ही म्हणालात 'वळा'. मला वाटलं, घरासाठी पोटात घालताय. पण आत्ता तुमचं तोंड बघितलं. तुम्हाला दिसलीच नाही ती."

बंद गाडीत ऊन चढू लागलं.

"केव्हापासून?" तिने विचारलं.

"बरेच दिवस."

"आणि मला म्हणालात, थोडं अंधुक."

"अंधुकच होतं आधी." ते थांबले. "मग नव्हतंच."

तिने पदराने मान पुसली. व्हरांड्यात मुलगा उठून उभा राहिला होता, डोळ्यांवर हाताची सावली धरून गाडीकडे बघत होता.

"हे बघ," साहेब हलक्या आवाजात म्हणाले, "एकदाच चुकलीस. सवयीने जाईल ते. मी पास म्हटलंय. त्याला एवढंच सांगायचं."

आपल्याच तोंडून हे बाहेर पडलेलं ऐकून त्यांचे कान तापले. किती जणांनी ह्याच खुर्चीशेजारी बसून हेच म्हटलं होतं, साहेब, एकदाच चुकलो!

"आणि ती मुलगी?" पासबाई म्हणाली. "ती बिचारी कुणाची तरी असेलच ना. चला, मी सांगते त्याला. मी नापास झाले."

"नाही. निकाल परीक्षक सांगतो."

दार उघडून ते उतरले. व्हरांड्याच्या पायऱ्या चढताना त्यांनी प्रथमच, बायकोच्या देखत, डावा हात भिंतीवरून फिरवत नेला.

"काय मग, बाबा?" मुलगा म्हणाला. "झाली का आमची आई ड्रायव्हर?"

"परीक्षा झालीच नाही."

"म्हणजे? इतका वेळ काय गावभर हवा खात होतात?"

"गाडीत परीक्षक नव्हता," साहेब म्हणाले. "मला डावीकडचं दिसत नाही. तिच्या हातून एक सायकलवाली जाता जाता वाचली आणि मी तिला पास केलं."

मुलाचं हसू तसंच अर्धवट राहिलं. मग राग आला. "आणि तुम्ही रोज छत्री घेऊन तो रस्ता ओलांडता? एकटे? आई, तुला माहीत होतं?"

"आत्ता कळलं. तुझ्याआधी पाच मिनिटं."

"दिसत नाही म्हणजे किती दिसत नाही?"

"बस," साहेबांनी शेजारची खुर्ची दाखवली. "नाही, बसू नकोस. मागे जा आणि हात पुढे आण."

मुलगा त्यांच्या डाव्या खांद्यामागे उभा राहिला. बोटं पसरून त्याने हात हळूहळू पुढे आणायला सुरुवात केली. "दिसला की सांगा." हात कानापाशी आला. पासबाई खांबाला धरून त्या हाताकडे बघत होती, तिचे ओठ हलले, पण तिने आवाज केला नाही. हात गालाशी आला. साहेब समोर बघत होते, ताठ, परीक्षेला बसलेल्या माणसासारखे. बोटं नाकाच्या शेंड्याजवळ आली.

"आता," ते म्हणाले.

मुलाने हात खाली घेतला. चढावरून एक ट्रक कण्हत वर आला, गिअर चुकला, पुन्हा पडला. साहेब काहीच बोलले नाहीत.

पासबाईने मुलाला विचारलं, "तिकडे तुझ्या घरात खिडकी कुठल्या बाजूला आहे रे?"

"कुठल्या खोलीची?"

"आमच्या."

मुलाने आईकडे पाहिलं, मग खाली फरशीकडे. "रस्त्याच्या," तो म्हणाला.

"रस्त्याची नको," साहेब म्हणाले.