राहिलेले एकोणीस बाइट

मास्तरांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं. दुसऱ्यांच्या प्रोग्रामवर लाल पेनाने खुणा करायची खोड, म्हणून कंपनीत नाव पडलं मास्तर. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी तिथले लोक त्यांच्या ड्रायव्हरचे गोडवे गात. वीस वर्षांत एक बग, म्हणजे चूक, निघाला नाही म्हणे! आणि आता तो निघाला होता, तोही त्याच कंपनीत लागलेल्या त्यांच्या लेकीच्या हातून. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

ड्रायव्हर म्हणजे चिपकडून काम करून घेणारा प्रोग्राम. या चिपचं काम एकच. केवढीही फाइल द्या, ती दळून तिचा एक छोटासा ठसा काढायचा. त्याला हॅश म्हणतात. फाइलमधलं एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो, म्हणून लिफ्टचं यंत्र नवा प्रोग्राम घेण्याआधी ठसा जुळवून बघतं. गेला महिनाभर कंपनीच्या नव्या लिफ्ट चांगलेभले प्रोग्राम नाकारत होत्या. विभागप्रमुख बाईसाहेबांनी लेकीला सांगितलं, "शुक्रवारी दुरुस्ती हवी आणि अहवालही. चूक काय, कोणाची, का झाली, सगळं लिहा."

चार दिवस ती त्या ड्रायव्हरला चिकटून बसली. चिप एका घासाला फाइलचे चौसष्ट बाइट, म्हणजे चौसष्ट कण, घेते. त्याहून कमी उरले, तर ते पुढच्या घासासाठी थांबतात. मध्येच दुसरी फाइल आली, तर पहिलीचं अर्धं काम जपून ठेवायचं आणि मग तिथूनच पुढे न्यायचं. तिथे मास्तरांची टीप होती, 'तीन गोष्टी जपा.' आणि खाली जपल्या होत्या दोनच! अर्धवट ठसा होता, किती दळून झालं तो आकडा होता, थांबलेले बाइट मात्र नव्हते. तिच्या चाचणीत ते एकोणीस होते आणि सगळेच्या सगळे हरवले. जुन्या लिफ्टमध्ये एका वेळी एकच फाइल येई, म्हणून इतकी वर्षं झाकली मूठ राहिली.

गुरुवारी संध्याकाळी ती लॅपटॉप आणि ती चिप बसवलेला चाचणीचा बोर्ड घेऊन आईबाबांकडे गेली. घरभर नेहमीसारख्या पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या होत्या. अर्धं काम टाकून उठायचं, तर काय राहिलं ते लिहूनच उठायचं, हा मास्तरांचा जुना शिरस्ता. गॅसजवळ लिहिलं होतं, 'दूध तापलं, झाकण राहिलं.'

"हे माझं नाही," तिने पडद्यावर दाखवलेल्या त्या दोन ओळी बघून मास्तर चष्मा चढवत म्हणाले.

"बाबा, नाव तुमचं आहे."

"मागाहून कोणीतरी हात मारला असेल."

"कोणी हात लावायला धजतंय का तुमच्या फाइलला? तारीख बघा."

मास्तरांनी तारीख मोठ्याने वाचली. ओट्याजवळची आई गर्रकन वळली.

"अगं, ही तर तू घसरगुंडीवरून पडलीस ती तारीख! नऊ टाके. मी मेले तरी विसरायची नाही."

लेकीचा हात आपसूक हनुवटीवरच्या व्रणाकडे गेला.

"शाळेतून फोन आला," मास्तर हळू म्हणाले. "दोन ओळी झाल्या होत्या. तसाच उठलो."

"आणि चिठ्ठी?"

"कसली चिठ्ठी घेऊन बसलीस! दवाखान्यात तू माझा शर्ट सोडेनास. दुसऱ्या दिवशी कामाला बसलो, तर समोर चिठ्ठी नाही. म्हटलं, झालंय सगळं."

लेकीने अहवाल उघडला. इतका जीव लावणाऱ्या माणसाचं नाव आपण 'चूक कोणाची' या रकान्यात घालायचं? "मी लिहिते की नव्या लिफ्टमुळे झालं," ती म्हणाली. "तसं अगदी खोटंही नाही. वीस वर्षं कमावलेलं नाव आहे तुमचं."

मास्तर उखडलेच. "ठमाबाई, जन्मभर लोकांच्या कामावर लाल पेन चालवलं, आणि माझी पाळी आली की शाई संपली होय? आण इकडे."

दोन बोटांनी टाइप करत त्यांनी तिसरी ओळ घातली. तिने दोन फाइल मुद्दाम एकमेकींवर सोडल्या. ठसे जुळले. आणखी दोनशे वेळा सोडल्या, तरी जुळले. मग मास्तरांनी अहवाल पुढ्यात ओढला आणि कोणाचंही न ऐकता लिहिलं :

'चूक माझी. कारण, काम अर्धवट असताना मुलगी पडल्याचा फोन आला. दुरुस्ती केली आहे. तसा फोन पुन्हा आला, तर पुन्हा तसाच उठेन.'

"असं लिहितात का कुठे अहवालात!" लेक डोळे पुसत हसली, पण तिने एक अक्षरही खोडलं नाही.

शुक्रवारी बाईसाहेबांनी तो अहवाल दोनदा वाचला.

"शेवटचं वाक्य नियमात बसत नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी लेकीच्या हनुवटीवरच्या व्रणाकडे बघितलं आणि खाली सही केली.